सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिनच्या आकड्यावरून सेप्सिसचा पेशंट वाचेल की नाही, हे सांगता येतं का?

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं; सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन या त्यात वाढणाऱ्या दाहाच्या रक्ततपासण्या. वडील ६१ वर्षांचे, केज तालुक्यातल्या गावात राहणारे, जुनी शुगर. हुडहुडी भरून ताप आला, गावातच दोन दिवस सलाईन आणि इंजेक्शनं झाली. मग तालुक्याला रक्त तपासलं आणि तिथून लातूरला आयसीयूत आणलं. सोनोग्राफीत उजव्या मूत्रनलिकेत खडा अडकलेला दिसला आणि त्याच रात्री लघवी वाहती करायला स्टेंट (बारीक नळी) टाकला. आज दुसरा दिवस. पडलेलं बीपी टिकवायला नॉरअॅड्रेनालिन चालू आहे, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) ३.२, प्लेटलेट्स ८२ हजार. प्रोकॅल्सिटोनिन काल ६२ होतं, आज ४१. सीआरपी तालुक्याला २१, लातूरला आल्यावर २३४ आणि आज २६८. एनएलआर (पांढऱ्या पेशींचं एक गुणोत्तर) २४. नात्यातले एक लॅबवाले म्हणाले, 'प्रोकॅल्सिटोनिन दहाच्या वर गेलं की माणूस हाती लागत नाही.' म्हणून तुम्ही विचारताय की चान्स किती टक्के, आयएल-६ (दाहाची आणखी एक रक्ततपासणी) करून घ्यावी का, आणि पुण्याला हलवावं का.

मी मराठवाड्यातच आयसीयूत काम करतो, असे पेशंट आणि असे घाबरलेले नातेवाईक रोज समोर असतात. वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे उत्तर तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावं इतपतच धरा. पण त्या लॅबवाल्यांचं वाक्य चूक आहे, एवढं लगेच सांगतो. लघवीच्या मार्गातून उठलेल्या सेप्सिसमध्ये साठ, ऐंशी, शंभराच्या वर प्रोकॅल्सिटोनिन गेलेले पेशंट चालत घरी जातात. उलट न्युमोनिया झालेले, खंगलेले म्हातारे प्रोकॅल्सिटोनिन जेमतेम दीड-दोन असताना हातचे जातात.

आधी त्या सीआरपीचं बघू. एका रात्रीत दहापट वाढला, असं तुम्ही लिहिलंय. तुम्हीच टाकलेल्या पहिल्या रिपोर्टच्या फोटोत २१ च्या पुढे बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा: मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. लातूरच्या रिपोर्टवर आहे मिलिग्रॅम प्रति लिटर. पहिला आकडा दहाने गुणला की २१० होतात. म्हणजे तालुक्याला २१०, लातूरला २३४. फरक मामुली आहे. ही गफलत आमच्याकडे इतकी होते की रेफर होऊन आलेल्या पेशंटची फाईल उघडली की मी आकड्याच्या आधी एकक बघतो. लॅब बदलली तर मशीन बदलतं, पद्धत बदलते, म्हणून शक्यतो एकाच लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत.

आता खरा प्रश्न. तुम्ही विचारताय की आकडा किती वाईट आहे, पण तुम्हाला जाणून घ्यायचंय ते हे की वडील सुधारताहेत का. या दोन गोष्टी एक नाहीत. सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन हे शरीराने जंतूंविरुद्ध उठवलेल्या गदारोळाचे मापक आहेत. त्या गदारोळात किडनी, फुप्फुस, मेंदू, रक्ताभिसरण यांचं किती नुकसान झालं, हे ते थेट सांगत नाहीत. ओल्या पऱ्हाट्या पेटवल्या की धूर आभाळाला भिडतो, आणि वाळक्या कडब्याची गंजी भसाभसा जळून जाते तेव्हा धूर त्या मानाने कमी असतो. धुरावरून जळितात काय गेलं ते ठरवता येत नाही.

सेप्सिसची व्याख्याच २०१६ मध्ये त्यासाठी बदलली. आधी १९९२ पासून ताप, नाडी, श्वास आणि पांढऱ्या पेशी यांवर भर होता, म्हणजे दाह किती यावर. नव्या व्याख्येत संसर्गाला शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद आणि त्यामुळे निकामी होऊ लागलेले अवयव, हा गाभा आहे. ते मोजायला सोफा नावाचा स्कोअर वापरतात. फुप्फुस, प्लेटलेट्स, लिव्हरचं बिलिरुबिन, बीपी, शुद्ध आणि किडनी अशा सहा गोष्टी, प्रत्येकाला ० ते ४ गुण, जितका बिघाड जास्त तितके गुण जास्त. यात सीआरपी नाही, प्रोकॅल्सिटोनिनही नाही. ते विसरून राहिलेलं नाही, कोण दगावेल याचा अंदाज अवयवांवरून जास्त चांगला बांधता येतो.

वडिलांचे तुम्ही दिलेल्या माहितीवरून प्लेटलेट्सचे २, क्रिएटिनिनचे २ आणि नॉरअॅड्रेनालिनचे किमान ३ गुण होतात. म्हणजे सात तरी झालेच, बाकीचं मला माहीत नाही. हा लहान आकडा नाही, आजार गंभीर आहे आणि तुमच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर ते घाबरवत नाहीत. पण यात एक मेख आहे. शुगरच्या पेशंटचं क्रिएटिनिन आधीपासूनच दीड-पावणेदोन असू शकतं. घरी जुनी फाईल असेल, वर्षा-दोन वर्षांपूर्वीचा एखादा रिपोर्ट असेल, तर आजच शोधून डॉक्टरांना द्या. नवीन बिघाड किती आणि जुना किती, हे त्या एका कागदावरून कळतं, आणि तो कागद कुठल्याही महागड्या टेस्टपेक्षा कामाचा आहे.

स्कोअरचा एकेकटा आकडाही अपुरा असतो. २००१ मध्ये बेल्जियममधल्या एका आयसीयूतला अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या ४८ तासांत ज्यांचा सोफा वाढला, त्यांच्यातले निम्मे किंवा त्याहून जास्त दगावले. ज्यांचा कमी झाला, त्यांच्यात हे प्रमाण २७ टक्क्यांच्या खाली होतं. तो सगळ्या तऱ्हेच्या आयसीयू पेशंटचा अभ्यास होता, फक्त सेप्सिसचा नव्हे. पण रोजच्या कामात मला हेच दिसतं: आल्या वेळचा आकडा भीती किती ते सांगतो, दोन दिवसांनंतरचा फरक दिशा सांगतो.

मग हे मार्कर करायचेच कशाला? करायचे, पण त्यांचा स्वभाव ओळखून.

सीआरपी जुनं आहे. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्युमोनियाच्या पेशंटच्या रक्तात ते सापडलं. ते लिव्हरमध्ये तयार होतं. संसर्ग सुरू झाल्यावर वाढायला सहा ते बारा तास लागतात आणि शिखर गाठायला साधारण दोन दिवस. म्हणून दुसऱ्या दिवशी २३४ चे २६८ झाले यात मला धक्कादायक काही दिसत नाही. औषध लागू पडलं तरी सीआरपी मागून येतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही ते चढतच राहिलं, तर मात्र मी कुठे पू राहिलाय का, स्टेंट नीट वाहतोय का, अँटिबायोटिक बरोबर आहे का, हे पुन्हा तपासतो. आणखी एक गंमत म्हणजे लिव्हर खूपच खराब असेल तर ते सीआरपी पुरेसं बनवूच शकत नाही. दारूने लिव्हर गेलेल्या माणसाचा सीआरपी कमी आहे म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.

प्रोकॅल्सिटोनिन आणि सेप्सिस यांचा संबंध फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवला. ते तीन-चार तासांत चढायला लागतं, दिवसभरात शिखरावर जातं, आणि जंतूंचा जोर ओसरला की साधारण दर २४ तासांना निम्मं होतं. वडिलांचं ६२ चं ४१ झालं. निम्मं म्हणजे ३१ व्हायला हवं होतं, असा हिशेब तुम्ही लिहिलाय. पण त्याचं बनणं एका क्षणात थांबत नाही, आणि किडनी मंदावली असेल तर ते रक्तातून जातंही हळू. स्टेंट टाकल्यानंतरच्या पहिल्या दिवसात ही उतरण मला बरी वाटते.

बरी वाटते म्हणजे काय, तेही आकड्यात सांगतो. अमेरिकेतल्या आयसीयूंत झालेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. चौथ्या दिवसापर्यंत प्रोकॅल्सिटोनिन ८० टक्क्यांहून जास्त उतरलं त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू १० टक्के, आणि तेवढं उतरलं नाही त्यांच्यात २० टक्के. वडिलांच्या बाबतीत ८० टक्के उतरणं म्हणजे साधारण १२ पर्यंत येणं. आता याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने बघा. ज्यांचं उतरलं नाही, त्यांच्यातलेही शंभरात ऐंशी जगले. ज्यांचं छान उतरलं, त्यांच्यातले दहा गेले. हजार पेशंटच्या घोळक्याला हा मार्कर दोन भागांत वाटू शकतो. खाट नंबर चारवरच्या एका माणसाला तो कुठल्या भागात बसवेल आणि पुढे काय होईल, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून तुम्ही मागितलेला टक्का मी देत नाही, आणि जो छातीठोकपणे देईल त्याच्यावर फार विसंबू नका.

प्रोकॅल्सिटोनिन बॅक्टेरियाच्या संसर्गाशिवायही वाढतं, हे आपल्या भागात विशेष लक्षात ठेवायला हवं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे उष्माघाताचे पेशंट येतात, त्यांचं वाढलेलं असतं. मोठा अपघात, भाजणं, मोठं ऑपरेशन, हृदय बंद पडून पुन्हा चालू केलेला पेशंट, यांत वाढतं. मलेरियातही वाढतं, आणि त्यावर सेप्सिसच्या नेहमीच्या अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. म्हणूनच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सेप्सिस मार्गदर्शक सूचना म्हणतात की अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे ठरवायला प्रोकॅल्सिटोनिनची वाट पाहू नये. बंद कधी करायचं हे ठरवायला मात्र ते मदतीला घ्यावं. नेदरलँड्समधल्या अभ्यासात शिखरापासून ८० टक्के उतरलं किंवा ०.५ पर्यंत खाली आलं की अँटिबायोटिक थांबवण्याचा सल्ला दिला जाई, आणि त्याने पेशंटचं नुकसान झालं नाही. माझ्या मते या टेस्टचा खरा फायदा हाच आहे, आणि आमच्याकडे तोच सगळ्यात कमी घेतला जातो. पहिल्या दिवशी दोन-तीन हजार रुपये घालून टेस्ट करायची, आकडा बघून सगळ्यांनी हादरायचं, आणि सातव्या दिवशी अँटिबायोटिक थांबवता आलं असतं तेव्हा कुणी पुन्हा करायची नाही.

एनएलआर ही वेगळी टेस्टही नाही. साध्या सीबीसीतल्या न्युट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्याने भागलं की झालं. निरोगी माणसात साधारण एक ते तीन असतो. फुकटात मिळतो म्हणून इंटरनेटवर त्याच्यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. वडिलांचा २४ आहे, पण गावात त्यांना जी इंजेक्शनं दिली त्यांत डेक्सा होतं का, हे विचारा. स्टेरॉइडने न्युट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, म्हणजे गुणोत्तर दोन्ही टोकांनी फुगतं. बीपी सावरत नसेल तर आयसीयूतही हायड्रोकॉर्टिसोन देतात, त्याचाही तोच परिणाम, वर शुगरही चढते. एकट्या एनएलआरवर मी काहीच ठरवत नाही. चार-पाच दिवसांनीही लिम्फोसाइट खालीच राहिले तर लक्ष ठेवतो, कारण अशा पेशंटची प्रतिकारशक्ती दमलेली असते आणि आयसीयूत दुसरा संसर्ग लवकर गाठतो. सेप्सिसमधले बरेच मृत्यू पहिल्या वादळात होत नाहीत, नंतरच्या अशा दुसऱ्या धक्क्यात होतात, आणि ते पहिल्या दिवशीच्या कुठल्याही मार्करमध्ये दिसत नाही.

आयएल-६ करू नका. कोविडमध्ये हे नाव घरोघरी पोचलं, म्हणून नातेवाईक विचारतात. ते तासांच्या हिशेबात चढतं आणि उतरतं. दोन दिवसांनी काढलेल्या एका नमुन्यातून काय कळणार? आणि आकडा काहीही आला तरी वडिलांचे उपचार बदलणार नाहीत. जंतूंच्या सेप्सिसमध्ये दाह दाबून माणूस वाचवायचे प्रयत्न गेल्या काही दशकांत बरेच झाले आणि बहुतेक फसले. झायग्रिस नावाचं एक औषध तर मोठा गाजावाजा होऊन आलं आणि फायदा सिद्ध न झाल्याने २०११ मध्ये कंपनीने बाजारातून काढून घेतलं. ईएसआरबद्दल लिहितही नाही, सेप्सिसमध्ये त्याचा उपयोग नाही.

लॅक्टेट (पेशींना पुरेसं रक्त पोचत नसलं की रक्तात वाढणारा पदार्थ) हा दाहाचा मार्कर नाही, पण अंदाज बांधायला मला सीआरपीपेक्षा तो जवळचा. सलाईन पुरेसं देऊनही बीपी टिकवायला औषध लागतं आणि लॅक्टेट २ च्या वर राहतं, त्या अवस्थेला सेप्टिक शॉक म्हणतात. २०१६ ची व्याख्या ज्या पेशंटच्या माहितीवर बेतली, त्यांच्यात अशा अवस्थेतले मृत्यू ४० टक्क्यांच्या वर होते. तुम्ही वडिलांचं लॅक्टेट लिहिलेलं नाही, विचारून घ्या. त्यालाही पाहुणी कारणं असतात. वडील शुगरसाठी मेटफॉर्मिन घेत असणार, आणि किडनी मंद झाली की त्यानेही लॅक्टेट चढू शकतं. नमुना बराच वेळ तसाच पडून राहिला तर नळीतल्या पेशीच लॅक्टेट तयार करत राहतात. तालुक्याहून मोटारसायकलवर बाटलीतून जिल्ह्याला गेलेल्या रक्ताचं लॅक्टेट मी मानत नाही. आयसीयूतल्या एबीजी (रक्तातले वायू मोजणाऱ्या) मशीनवर लगेच लावलेलं असेल तर मानतो.

याहून सोपी आणि बिनखर्चाची एक खूण आहे. बोटाच्या शेवटच्या पेरावर काचेची स्लाइड दहा सेकंद घट्ट दाबायची, त्वचा पांढरी पडते. सोडल्यावर रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. तीन सेकंदांच्या आत आला तर रक्त पोचतंय. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत मिळून झालेल्या चाचणीत काही पेशंटचे उपचार लॅक्टेट बघून चालवले आणि काहींचे ही खूण बघून. २८ दिवसांतले मृत्यू लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के आणि बोटाच्या गटात ३४.९ टक्के निघाले. संख्याशास्त्राच्या काट्यावर हा फरक थोडक्यात कमी पडला, पण बोट लॅक्टेटपेक्षा वाईट नाही एवढं तरी दिसलं. एबीजी मशीन नसलेल्या तालुक्याच्या दवाखान्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

आता वडिलांच्या बाजूने काय आहे ते. अडलेली किडनी त्याच रात्री मोकळी केली. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला सर्वांत वजनदार निर्णय तोच. पू कोंडलेला असताना कितीही भारी अँटिबायोटिक द्या, सीआरपी रोज मोजा, उपयोग नसतो. लघवीच्या मार्गातला सेप्सिस, अडथळा लवकर काढला तर, पोटात आतडं फुटल्याने किंवा न्युमोनियाने झालेल्या सेप्सिसपेक्षा सहसा बरा वागतो. विरुद्ध बाजूला वय, शुगर, गावात गेलेले दोन दिवस, आणि कल्चरचा (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट अजून आलेला नाही हे. आपल्याकडे ई. कोलाय (लघवीच्या संसर्गात सर्रास सापडणारा जंतू) नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देईनासा झालाय, त्यामुळे सुरू केलेलं औषध त्या जंतूवर चालतंय का हे कल्चरवरूनच कळेल. तो रिपोर्ट साधारण दोन-तीन दिवसांत येतो. मी तुमच्या जागी असतो तर रोज प्रोकॅल्सिटोनिनचा आग्रह न धरता त्या रिपोर्टचा पाठपुरावा केला असता.

पुण्याला हलवण्याबद्दल. नॉरअॅड्रेनालिनवर असलेल्या पेशंटला सहा-सात तास अँब्युलन्समध्ये घालणं हा स्वतःच एक धोका आहे. डायलिसिस लागलं तर इथे आहे का, व्हेंटिलेटर आहे का, रात्री युरोलॉजिस्ट येतात का, हे विचारा. तिन्हींचं उत्तर हो असेल तर बीपीचं औषध उतरेपर्यंत लातूरलाच थांबा. एखादं उत्तर नाही असेल तर हलवण्याची चर्चा आजच करा, तब्येत आणखी खालावल्यावर नको. पैशाचा विषय असेल तर जनआरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, तेही डिस्चार्जच्या दिवशी नव्हे, आत्ता.

उद्या भेटीच्या वेळी डॉक्टरांना 'इन्फेक्शन किती आहे' असं विचारू नका, कारण त्याला ते एखादा आकडाच सांगतील आणि तुम्ही पुन्हा इंटरनेटवर जाल. विचारा की बीपीचं औषध कालपेक्षा कमी झालं का. सिरिंज पंपावर ताशी १४ चे ७ झालेले दिसले तर औषधाची तीव्रता तीच आहे का तेही विचारा. सिरिंज दुप्पट तीव्रतेची भरली की पंपावरचा आकडा निम्मा दिसतो आणि औषध तेवढंच जात असतं. लघवी ताशी किती होते ते विचारा. वडिलांचं वजन साठ किलो धरलं तर ताशी तीस मिलिलिटर तरी व्हायला हवी. ऑक्सिजन किती लागतोय, हाक मारल्यावर नीट बोलतात का, प्लेटलेट्स थांबल्या की अजून उतरताहेत, हे विचारा. तिसऱ्या-चौथ्या दिवसाचे रिपोर्ट इथे टाकाल तेव्हा प्रोकॅल्सिटोनिनसोबत या गोष्टी आणि कल्चरचं पूर्ण पानही टाका, एककासकट. शिवाय ते जुनं क्रिएटिनिन.